छातीच्या सीटी स्कॅनपासून फुप्फुसाच्या मास्कपर्यंत: टप्पे, त्यांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

प्रकल्प दाखवायला आलेल्या विद्यार्थ्यांना मी सगळ्यात आधी विचारते, "मूळ फायली कुठे आहेत?" उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं: "मॅडम, सगळं जेपीजीमध्ये बदलून घेतलं आणि सीडी परत दिली." काही जण तर व्ह्यू-बॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो घेऊन येतात. पुढचे चार महिने ते मॉडेल (प्रतिमा ओळखायला शिकवलेला प्रोग्राम) बदलत राहतात, अचूकता वर-खाली होत राहते, आणि चूक मात्र पहिल्याच दिवशी होऊन गेलेली असते.

सीटीतला प्रत्येक पिक्सेल हे एक माप आहे. त्याला एकक असतं, शरीरातली नेमकी जागा असते आणि मिलिमीटरमध्ये आकार असतो. या तीन गोष्टी शेवटपर्यंत शाबूत ठेवायच्या, आणि डोळ्यांना नीट दिसावं म्हणून जी रंगसफेदी लागते ती वेगळ्या प्रतीवर करायची. खालचा सगळा क्रम त्यासाठीच आहे. उदाहरण प्रौढ माणसाच्या छातीच्या सीटीचं घेतलं आहे. शेवटी आपल्याला दोन्ही फुप्फुसांचा मास्क (कोणता पिक्सेल फुप्फुसाचा आणि कोणता नाही हे सांगणारा नकाशा) आणि त्यांचं लिटरमधलं आकारमान हवं आहे.

## आधी ओळखा: हातातली प्रतिमा कोणत्या जातीची आहे

एक्स-रेमध्ये पुढची बरगडी, मागची बरगडी, हृदय सगळं एकावर एक पडतं, त्यामुळे एका पिक्सेलमध्ये वाटेत आलेल्या सगळ्या थरांचा एकत्रित परिणाम असतो. सीटी स्कॅनर अनेक कोनांतून घेतलेल्या एक्स-रे मापांवरून आतल्या प्रत्येक बिंदूचं मूल्य गणिताने काढतो आणि ते पाण्याच्या तुलनेत सांगतो. एमआरआयच्या आकड्याला असं ठरलेलं एकक नसतं. त्याच माणसाचा एमआरआय दुसऱ्या मशीनवर काढला तर त्याच जागचा आकडा वेगळा येतो, म्हणून 'अमुक आकड्याच्या वर ते सगळं चरबी' असा नियम तिथे टिकत नाही. सोनोग्राफीतला दाणेदारपणा ध्वनिलहरी एकमेकींत मिसळल्यामुळे येतो, आणि प्रोब कसा धरला यावरही प्रतिमा बदलते. पेट स्कॅनमध्ये शरीरात सोडलेला किरणोत्सारी पदार्थ कुठे किती जमला ते कळतं; अवयव नेमका कोणता हे कळावं म्हणून जोडीला सीटी काढतात.

शिकायला सुरुवात सीटीपासून करा असं मी सांगते, कारण सीटीत तुमची चूक तुम्हालाच पकडता येते. हवेचा आकडा काय यायला हवा हे आधीच माहीत असतं.

## पूर्वतयारी

परवानगी आणि ओळख पुसणं. ओळखीच्या सेंटरमधून पेन ड्राइव्हवर स्कॅन आणणं म्हणजे कुणाची तरी आरोग्याची माहिती परवानगीशिवाय उचलणं. संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी परवानगी आधी घ्या. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या दोन्हींची समितीला कल्पना असते, तुम्हालाही असायला हवी. डायकॉम हा वैद्यकीय प्रतिमांचा ठरलेला फाइल प्रकार. त्याच्या हेडरमध्ये, म्हणजे चित्रासोबतच्या माहितीच्या भागात, रुग्णाचं नाव, जन्मतारीख, रुग्ण क्रमांक, डॉक्टरांचं नाव, सेंटरचं नाव हे सगळं असतं. नाव पुसलं आणि फोल्डरला रुग्णाचंच नाव ठेवलं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचे खासगी टॅगही (हेडरमधल्या नोंदी) असतात, तेही तपासा. सोनोग्राफीत नाव बऱ्याचदा चित्रावरच छापलेलं असतं. हेडर कितीही पुसलं तरी ते तिथेच राहतं. डोक्याच्या सीटीवरून तर चेहरा त्रिमितीत उभा करता येतो.

शिकण्यापुरतं हवं असेल तर सरळ सार्वजनिक संग्रह वापरा. द कॅन्सर इमेजिंग आर्काइव्हवर एलआयडीसी-आयडीआरआय नावाचा छातीच्या सीटींचा संग्रह आहे: १०१० व्यक्तींचे १०१८ स्कॅन, आणि प्रत्येकातल्या गाठी चार रेडिओलॉजिस्टनी स्वतंत्रपणे पाहून नोंदवलेल्या. हे दोन आकडे लक्षात ठेवा, पुढे कामाला येतील.

साधनं. पायथन, पायडायकॉम, सिंपल-आयटीके, नमपाय आणि सायकिट-इमेज एवढं पुरतं. त्याशिवाय डोळ्यांनी पाहायला थ्रीडी स्लायसर किंवा आयटीके-स्नॅप हवंच. दोन्ही मोफत आहेत. जे आधी नीट उघडून पाहिलं नाही त्यावर प्रोग्राम चालवू नका.

जागा. एका स्लाइसमध्ये, म्हणजे शरीराच्या एका छेदाच्या चित्रात, ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल आणि प्रत्येकाला २ बाइट. म्हणजे ३०० स्लाइसच्या स्कॅनला सुमारे १५७ एमबी मेमरी लागते. तोच ६४ बिटी दशांश संख्यांत नेला की सुमारे ६२९ एमबी. अशा चार-पाच प्रती एकदम उघड्या राहिल्या की ८ जीबीचा लॅपटॉप अडकतो. ३२ बिटी संख्या पुरेशा असतात.

सावधान: मूळ फायलींचा फोल्डर 'फक्त वाचण्यासाठी' करून ठेवा. पुढचं सगळं काम दुसऱ्या फोल्डरमध्ये.

## टप्पा १: हेडर वाचा, चित्र नंतर

सीडीतल्या डायकॉम फायलींना बऱ्याचदा एक्स्टेंशनच नसतं, म्हणून 'फाइल बिघडली आहे' असं समजून मुलं सोडून देतात. डायकॉम फाइलची ओळख आतून पटते: सुरुवातीचे १२८ बाइट सोडले की पुढे डी, आय, सी, एम ही चार रोमन अक्षरं येतात.

एका स्लाइसचं हेडर उघडा आणि वहीत उतरवून घ्या. हो, वहीतच:

- पिक्सेल स्पेसिंग, टॅग (००२८,००३०). यात दोन आकडे असतात. पहिला दोन ओळींमधलं अंतर सांगतो, दुसरा दोन स्तंभांमधलं.
- स्लाइस थिकनेस, टॅग (००१८,००५०).
- इमेज पोझिशन पेशंट, टॅग (००२०,००३२), आणि इमेज ओरिएंटेशन पेशंट, टॅग (००२०,००३७).
- रीस्केल इंटरसेप्ट, टॅग (००२८,१०५२), आणि रीस्केल स्लोप, टॅग (००२८,१०५३).
- पिक्सेल रिप्रेझेंटेशन, टॅग (००२८,०१०३). ० असेल तर साठवलेले आकडे फक्त धन, १ असेल तर ऋणही.
- कन्व्होल्यूशन कर्नल, टॅग (००१८,१२१०). प्रतिमा किती धारदार किंवा मऊ बनवली आहे हे यावरून कळतं.

पडताळणी: पिक्सेल स्पेसिंगला ५१२ ने गुणा. स्पेसिंग ०.७ मिमी असेल तर साधारण ३५८ मिमी येतात. माणसाची छाती एवढ्यात मावते, म्हणजे ठीक. उत्तर ७० मिमी किंवा दीड मीटर आलं तर तिथेच थांबा.

## टप्पा २: योग्य मालिका निवडा आणि स्लाइस क्रमाने लावा

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा जास्त वेळ घालवू.

एका रुग्णाच्या फोल्डरमध्ये एकच स्कॅन असतो हा समज सोडा. सुरुवातीला घेतलेली सपाट 'स्काउट' प्रतिमा, किरणांच्या मात्रेचा अहवाल, मऊ कर्नलची मालिका, धारदार कर्नलची मालिका, कोरोनल दिशेने (समोरून दिसणाऱ्या छेदांत) पुन्हा बनवलेली मालिका, कधी कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून टोचलेलं द्रव्य) देण्याआधीची आणि नंतरची, असं सगळं एकत्र असतं. सगळ्या फायली एका यादीत ओतल्या तर छातीमध्येच छाती घुसते. सिरीज इन्स्टन्स यूआयडी (मालिकेचा ओळख क्रमांक) पाहून आधी गट पाडा. आपल्या कामासाठी मऊ कर्नलची, पातळ स्लाइसची, आडव्या छेदांची म्हणजे अ‍ॅक्सियल मालिका घ्या.

आता क्रम. फाइलच्या नावावरून लावला तर १ नंतर १०, मग १००, मग २ येतो. इन्स्टन्स नंबरने (मालिकेतल्या स्लाइसच्या क्रमांकाने) बहुधा काम भागतं, पण तो डोक्याकडून पायाकडे जातो की उलट याची हमी नसते, आणि काही मालिकांमध्ये तो सलगही नसतो. खात्रीचा मार्ग एकच: प्रत्येक स्लाइसची शरीरातली जागा. इमेज ओरिएंटेशनमध्ये दोन दिशा दिलेल्या असतात. त्यांचा सदिश गुणाकार (क्रॉस प्रॉडक्ट) केला की स्लाइसला लंब असलेली दिशा मिळते. प्रत्येक स्लाइसची इमेज पोझिशन त्या दिशेवर मोजा आणि त्या आकड्याने क्रम लावा. सरळ अ‍ॅक्सियल स्कॅनमध्ये हा आकडा म्हणजे पोझिशनचा तिसरा घटक. पण डोक्याच्या सीटीत गँट्री (स्कॅनरचं गोल कडं) कललेली असू शकते, म्हणून सवय पूर्ण पद्धतीचीच लावा.

क्रम लागला की लागोपाठच्या स्लाइसमधलं अंतर काढा. मालिकेचं खरं 'झेड' अंतर हेच, स्लाइस थिकनेस नव्हे. १.२५ मिमी जाडीच्या स्लाइस दर ०.६२५ मिमीला असू शकतात. अशा वेळी जाडीलाच अंतर धरलं तर फुप्फुसाचं आकारमान बरोबर दुप्पट येतं. असं उत्तर घेऊन आलेल्या एका गटाने दोन आठवडे सेगमेंटेशनमध्ये (अवयव वेगळा काढण्याच्या कामात) चूक शोधली होती. सेगमेंटेशन निर्दोष होतं.

पडताळणी: सगळी अंतरं ०.०१ मिमीच्या फरकात सारखी हवीत. एक अंतर दुप्पट आलं तर मधली स्लाइस हरवली आहे. शून्य आलं तर दोन मालिका मिसळल्या आहेत.

दुसरी पडताळणी डोळ्यांनी: रचलेल्या ठोकळ्याचा बाजूने, म्हणजे सॅजिटल छेद पाहा. पाठीचा कणा आणि छातीच्या हाडाची कडा सलग दिसायला हवी. कंगव्यासारखे दात दिसले तर क्रम चुकला.

## टप्पा ३: साठवलेले आकडे हाउन्सफील्ड एककात आणा

फाइलमध्ये साठवलेला आकडा थेट वापरायचा नसतो. त्याला स्लोपने गुणून त्यात इंटरसेप्ट मिळवायचा. अनेक स्कॅनरांमध्ये स्लोप १ आणि इंटरसेप्ट उणे १०२४ असतो, पण असेलच असं धरून चालू नका, वाचा. मिळतं ते हाउन्सफील्ड एकक, बोलताना एचयू. पाणी ०, हवा उणे १०००. चरबी साधारण उणे १०० च्या आसपास, कॉन्ट्रास्टशिवाय स्नायू आणि रक्त साधारण ३० ते ६०, हवा भरलेलं निरोगी फुप्फुस उणे ९०० ते उणे ७०० च्या घरात, घट्ट हाड काहीशे ते हजाराच्या वर.

इथे तीन चुका वारंवार होतात.

पहिली, धन आकड्यांच्या प्रकारातच वजाबाकी करणं. साठवण बिनचिन्ही १६ बिटी असेल आणि तुम्ही त्यातूनच १०२४ वजा केले, तर २४ चं उणे १००० होण्याऐवजी ६४५३६ होतं, आणि हवा हाडापेक्षा पांढरी दिसते. आधी चिन्हासह प्रकारात किंवा ३२ बिटी दशांशात न्या, मग गणित.

दुसरी, रूपांतर दोनदा करणं. पायडायकॉम पिक्सेल काढून देतो तेव्हा ते कच्चे असतात. सिंपल-आयटीकेने मालिका वाचली तर स्लोप आणि इंटरसेप्ट आधीच लागलेले असतात. एकाचा धडा वाचून दुसऱ्याचा कोड वापरला की हवा उणे २०२४ वर जाते.

तिसरी, कोपऱ्यांकडे दुर्लक्ष. स्कॅनरचं क्षेत्र गोल असतं आणि चित्र चौकोनी. गोलाबाहेरची जागा काही मशीन उणे २००० सारख्या आकड्याने भरतात. इंटरसेप्ट लावल्यावर तो आणखी खाली जातो. उणे १००० पेक्षा कमी असलेलं सगळं उणे १००० करून टाका, आणि ते आत्ताच करा. पुढे आकार बदलताना हा खोटा आकडा शेजारच्या पिक्सेलमध्ये झिरपतो.

पडताळणी: चार जागी १०×१० पिक्सेलचा चौकोन घेऊन सरासरी काढा. शरीराबाहेरची हवा, श्वासनलिकेच्या आत, त्वचेखालची चरबी, महारोहिणी. एकाच पिक्सेलवर विसंबू नका, त्यात नॉइज (आकड्यांतला दाणेदार चढउतार) असतो. महारोहिणी २०० किंवा त्याहून वर आली तर स्कॅन कॉन्ट्रास्टचा आहे. गणित चुकलं असं समजू नका. कमाल आकडा नेमका ३०७१ आला तरी घाबरू नका. १२ बिटांतला सगळ्यात मोठा आकडा ४०९५, त्यातून १०२४ गेले की ३०७१. शरीरात धातू असेल तर मूल्य तिथे छताला टेकतं.

## टप्पा ४: विंडो फक्त पाहण्यासाठी

पडदा साधारण २५६ करडे रंग दाखवतो आणि सीटीत ४०९६ मूल्यं असतात. सगळी एकदम दाखवायला गेलात तर एका रंगात १६ एचयू दडपले जातात. मेंदूतल्या ग्रे आणि व्हाइट मॅटरमध्ये फरकच त्याहून कमी असतो, म्हणजे दोन्ही एकच होऊन बसतात. म्हणून विंडो. मध्य आणि रुंदी ठरवायची, मध्यातून अर्धी रुंदी वजा केली की खालची सीमा, मिळवली की वरची.

फुप्फुसासाठी मध्य उणे ६००, रुंदी १५००: म्हणजे उणे १३५० ते १५०. छातीतल्या मऊ भागांसाठी ४० आणि ४००: उणे १६० ते २४०. मेंदूसाठी ४० आणि ८०. हाडासाठी ४०० आणि १८००. रेडिओलॉजिस्टच्या सवयीप्रमाणे हे आकडे थोडे इकडेतिकडे असतात.

सावधान: विंडो लावलेली प्रतिमा पुढच्या टप्प्याला देऊ नका. मऊ भागांच्या विंडोत उणे १६० च्या खालचं सगळं काळं होतं. फुप्फुस, श्वासनलिका आणि खोलीतली हवा यांत फरकच उरत नाही. जेपीजी करणाऱ्यांचं नेमकं हेच झालेलं असतं, वर जेपीजीची स्वतःची काटछाट वेगळीच.

मॉडेलला ० ते १ मधले आकडे हवे असतील तर सगळ्या स्कॅनना एकच सीमा वापरा, उदाहरणार्थ उणे १००० ते ४००. प्रत्येक स्लाइसचा स्वतःचा किमान-कमाल काढून ताणू नका. एका स्लाइसमध्ये पेसमेकरची तार आली की त्या स्लाइसमधलं यकृत शेजारच्या स्लाइसपेक्षा काळं होतं, आणि मॉडेल तो फरक शिकत बसतं.

## टप्पा ५: व्हॉक्सेलचा आकार सारखा करा, गरज असेल तरच

फक्त आकारमान काढायचं असेल तर हा टप्पा सोडून द्या. व्हॉक्सेलच्या (त्रिमितीतल्या पिक्सेलच्या) तीन बाजू गुणल्या की काम होतं. वेगवेगळ्या मशीनचे स्कॅन एकाच मॉडेलला द्यायचे असतील किंवा त्रिमितीय फिल्टर लावायचा असेल तर मात्र सगळे १ मिमीवर आणा.

नवी संख्या म्हणजे जुनी संख्या गुणिले जुनं अंतर भागिले नवं अंतर. ५१२ पिक्सेल ०.७ मिमीचे असतील तर ३५८ होतील. १२० स्लाइस २.५ मिमीवर असतील तर ३००. प्रतिमेसाठी रेषीय इंटरपोलेशन (शेजारच्या मूल्यांवरून मधलं मूल्य काढणं) वापरा, मास्कसाठी 'जवळचा शेजारी' पद्धत. मास्कवर रेषीय लावलं तर ० आणि १ च्या मध्ये ०.४ सारखे आकडे येतात. डावं फुप्फुस ३ आणि उजवं १ असं लिहिलं असेल तर दोघांच्या सीमेवर २ उगवतो, जो भलत्याच अवयवाचा असू शकतो.

सावधान: सिंपल-आयटीके आकार सांगताना एक्स, वाय, झेड असा क्रम देतो आणि नमपायमध्ये तोच ठोकळा झेड, वाय, एक्स असा येतो. एक्स आणि वाय दोन्ही ५१२ असल्यामुळे चूक लगेच दिसत नाही. माणूस चपटा किंवा लांबट झाल्यावर दिसते.

आणि ५ मिमीच्या स्लाइस १ मिमी केल्याने नवा तपशील मिळत नाही. अहवालात मूळ जाडी लिहा.

## टप्पा ६: नॉइज, हलक्या हाताने

मीडियन फिल्टर, एका व्हॉक्सेलच्या त्रिज्येचा. किंवा गॉसियन, साधारण अर्धा ते एक मिमीचा सिग्मा. सिग्मा मिमीत द्यायचा की व्हॉक्सेलमध्ये हे तुमचं साधन काय मागतं ते पाहा. यापेक्षा जोर लावला तर ३-४ मिमीच्या गाठी विरघळतात. मऊ कर्नलची मालिका निवडली असेल तर बरेचदा हा टप्पा लागतच नाही.

पडताळणी: फिल्टरच्या आधीची प्रतिमा वजा नंतरची. उरलेल्या चित्रात नुसता दाणेदारपणा दिसायला हवा. बरगड्यांच्या कडा किंवा रक्तवाहिन्यांच्या फांद्या दिसल्या तर तुम्ही नॉइजबरोबर शरीरही पुसलं आहे.

## टप्पा ७: फुप्फुस वेगळं काढा

क्रम बदलू नका. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतली एक ठरावीक चूक दुरुस्त करते.

१. उणे ४०० च्या खालचं सगळं निवडा. यात फुप्फुसं, श्वासनलिका, खोलीतली हवा, टेबलाखालची हवा आणि पोटातला वायू, सगळं येईल.

२. बाहेरची हवा काढा. जे तुकडे चित्राच्या डाव्या, उजव्या, पुढच्या किंवा मागच्या कडेला टेकतात ते टाका. वरच्या आणि खालच्या टोकाच्या स्लाइसला टेकतात म्हणून काहीही टाकू नका. श्वासनलिका वर टेकणारच, आणि स्कॅन खाली अपुरा असेल तर फुप्फुसही टेकतं.

३. उरलेल्यांतले सगळ्यात मोठे तुकडे ठेवा. 'दोन मोठे तुकडे' असा डोळे झाकून नियम लावू नका. दोन्ही फुप्फुसं श्वासनलिकेतून जोडलेली असल्यामुळे बऱ्याचदा एकच मोठा तुकडा मिळतो, आणि मग दुसरा मोठा तुकडा म्हणून जठरातला हवेचा फुगा निवडला जातो. तो डाव्या श्वासपटलाच्या लगेच खाली असतो, त्यामुळे झटकन पाहणाऱ्याला फुप्फुसच वाटतो. तुकडा किती उंचीवर आहे ते तपासा.

४. श्वासनलिका आणि मुख्य श्वासनळ्या काढा. वरच्या स्लाइसमध्ये मधोमध असलेला गोल, काळा भाग शोधा आणि तिथून उणे ९५० च्या आसपासच्या थ्रेशोल्डने (सीमेच्या आकड्याने) शेजारी पसरत जा. प्रत्येक स्लाइसला आकारमान किती वाढलं ते मोजत राहा. अचानक कित्येक पट उडी आली तर नळीची भिंत फोडून तुम्ही फुप्फुसात शिरला आहात. थ्रेशोल्ड आणखी खाली न्या.

५. डावं-उजवं वेगळं करा. समोरच्या बाजूला, छातीच्या हाडामागे दोन्ही फुप्फुसं कधी कधी एक-दोन व्हॉक्सेलच्या पडद्यापर्यंत जवळ येतात आणि मास्कमध्ये चिकटतात. थोडं झिजवून तुकडे सुटे करा, मग प्रत्येकाला मूळ सीमेपर्यंत परत वाढवा.

६. भोकं बुजवा. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या आणि गाठी उणे ४०० च्या वर असल्याने मास्कमध्ये छिद्रं पडलेली असतात. हे प्रत्येक फुप्फुसासाठी वेगळं करा, नाहीतर दोघांमधलं हृदयच बुजवलं जाईल. छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ मात्र भोक म्हणून दिसत नाही, काठावरचा खड्डा म्हणून दिसते. तिच्यासाठी काही मिमी त्रिज्येच्या गोलाने क्लोजिंग (मास्क आधी फुगवून मग तेवढाच आकसणं) करावं लागतं. गाठी शोधणाऱ्या प्रकल्पात ही पायरी राहिली तर शोधायची ती वस्तूच मास्कबाहेर जाते.

आता या पद्धतीची मर्यादा. थ्रेशोल्ड फुप्फुसातली हवा शोधतो. न्यूमोनियात हवेच्या जागी द्रव भरलेला असतो, फुप्फुसाबाहेर पाणी साचलेलं असू शकतं, फायब्रोसिसमध्ये काठ घट्ट झालेले असतात. तिथे मास्क नेमका आजारी भाग वगळून येतो. निरोगी स्कॅनवर सुंदर चालणारी पद्धत रुग्णांवर आजाराचंच माप कमी दाखवते. अशा स्कॅनसाठी आजारी फुप्फुसांवर शिकवलेलं मॉडेल वापरा, किंवा थ्रीडी स्लायसरमध्ये हाताने दुरुस्त करा आणि ती दुरुस्ती रेडिओलॉजिस्टला दाखवा.

पडताळणी: व्हॉक्सेलची संख्या गुणिले एका व्हॉक्सेलचं आकारमान, भागिले दहा लाख, म्हणजे लिटर. पूर्ण श्वास घेतलेल्या प्रौढाची दोन्ही मिळून साधारण ३ ते ७ लिटर येतात. उजवं सहसा थोडं मोठं असतं, कारण डावीकडे हृदयाने जागा घेतलेली असते.

दुसरी पडताळणी: यकृत पडद्याच्या डाव्या हाताला दिसतं का पाहा. रेडिओलॉजीत रुग्ण समोर झोपला आहे आणि आपण पायाकडून पाहतो आहोत अशी मांडणी असते, म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डावीकडे. यकृत उजवीकडे दिसलं तर बहुधा तुमचा ठोकळा उलटला आहे. डायकॉममध्ये एक्स रुग्णाच्या डावीकडे वाढतो, निफ्टी या दुसऱ्या फाइल प्रकारात उजवीकडे. रूपांतर करताना दिशा हातून सुटते ती इथे.

## टप्पा ८: मास्क किती बरोबर आहे ते मोजा

डाइस गुणांक सगळे वापरतात: दोन्ही मास्कचा सामाईक भाग दुप्पट करून दोघांच्या बेरजेने भागायचा. तो आकारावर किती अवलंबून आहे हे मात्र लक्षात घेतलं जात नाही. १० व्हॉक्सेल बाजूचा घन एक व्हॉक्सेल सरकला तर डाइस ०.९० येतो. ४ व्हॉक्सेल बाजूचा घन तेवढाच सरकला तर ०.७५. चूक तीच, गुण वेगळे. फुप्फुसासारख्या मोठ्या अवयवावर ०.९७ आले म्हणून समाधान मानू नका. काठावरची सगळी गाठ सुटूनही हा आकडा तसाच राहू शकतो. सोबत पृष्ठभागांमधलं अंतर, म्हणजे ९५ टक्क्यांचं हाउसडॉर्फ (काठाचे ९५ टक्के बिंदू ज्याच्या आत जुळतात ते अंतर), मिमीत द्या.

मॉडेल शिकवत असाल तर विभागणी रुग्णानुसार करा. एकाच माणसाच्या शेजारच्या दोन स्लाइस जवळजवळ सारख्या असतात. एक शिकायला आणि एक परीक्षेला गेली तर तो पेपर फुटण्याचाच प्रकार आहे. स्कॅननुसार विभागणंही पुरेसं नाही. मघाचे आकडे आठवा: १०१८ स्कॅन, पण व्यक्ती १०१०. म्हणजे त्या संग्रहात काही जणांचे एकाहून जास्त स्कॅन आहेत. रुग्ण क्रमांकाने गट पाडा, मग विभागा.

ज्या मास्कशी तुलना करता तोही माणसांनीच काढलेला असतो. चार रेडिओलॉजिस्टच्या सीमा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. ते चौघं आपापसांत किती जुळतात हे आधी काढा आणि मग स्वतःचा आकडा त्याच्या शेजारी ठेवा.

## टप्पा ९: साठवा आणि परत उघडा

मास्क निफ्टी किंवा एनआरआरडी प्रकारात साठवा. नमपायमधून परत प्रतिमा बनवली की अंतरं, आरंभबिंदू आणि दिशा हरवतात आणि सगळीकडे १ मिमी लिहिलं जातं. मूळ प्रतिमेवरून ही माहिती मास्कवर उतरवा. पीएनजी फक्त अहवालातल्या चित्रांसाठी.

प्रत्येक स्कॅनसाठी एक ओळ लिहून ठेवा: मालिका, कर्नल, मूळ जाडी, खरं झेड अंतर, स्लाइसची संख्या, चार जागांचे एचयू, थ्रेशोल्ड, डाव्या-उजव्या फुप्फुसाचे लिटर. पन्नास स्कॅन एकदम चालवण्याआधी वेगवेगळ्या मशीनच्या पाच स्कॅनवर हे सगळं हाताने करा.

शेवटी थ्रीडी स्लायसर बंद करून पुन्हा उघडा. मूळ डायकॉम मालिका आणि साठवलेला मास्क, दोन्ही नव्याने आत घ्या, मास्क अर्धपारदर्शक करा आणि अ‍ॅक्सियल, कोरोनल, सॅजिटल तिन्ही छेदांत वरपासून खालपर्यंत सरकवत पाहा. तो फुप्फुसाच्या काठावर बसला आणि श्वासपटलाच्या घुमटाला धरून वळला, तर पुढच्या स्कॅनकडे वळा. नाही बसला, तर टप्पा २ पासून वहीतले आकडे तपासत या.